लाटा कोण ढकलून राहिला?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरजवळच्या एका वॉटर पार्कला गेलो. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. आम्ही जवाहरनगरला, नवऱ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. मामाजी करडी गावी, धानाच्या शेतीवर.

पार्कचं नाव काढताच त्यांनी विचारलं, "तिथं पाहासारखं काय हाय?"

"पानी," नवरा म्हणाला.

"पानी पाहाले नागपूरले कायले जावं लागते?"

म्हणाले खरे, पण त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच गाडीत जाऊन बसले होते.

आत गेल्यावर कळलं, पाण्यात उतरायचं तर नायलॉनचेच कपडे हवेत. मामाजी धोतर सोडून भाड्याची जांभळी चड्डी घालून बाहेर आले. मुलीने त्यांना खालून वर न्याहाळलं. आपल्या आजोबाचे गुडघे ती पहिल्यांदाच बघत होती.

"आबाजी, तुमचे पाय खाली काळे अन् वर गोरे कायले?"

"धानाच्या रोवणीत धोतर इथवर खोचतो ना मी," त्यांनी गुडघ्याच्या वर बोट ठेवलं. "याच्या खाली ऊन अन् चिखल, वर धोतर."

ती खाली बसून ती रेघ नीट तपासत राहिली. पाठीमागून लोक "चला, चला" करत होते.

नवरा मोठ्या घसरगुंडीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथे उंची मोजायला भिंतीवर जिराफ काढला होता. मुलगा जिराफाच्या खुणेपेक्षा वीतभर कमी भरला.

"उद्या वाढलो तर?" त्याने तिथल्या माणसाला विचारलं.

"मग उद्या ये," तो माणूस म्हणाला. मुलाने मान डोलावली, जणू व्यवहार पक्का झाला.

तेव्हा मी दोघा मुलांना आणि मामाजींना घेऊन लाटांच्या तलावाकडे गेले. तेवढ्यात भोंगा वाजला. मुलगा दचकला. "पप्पाची फॅक्टरी सुटली?" आणि एकदम लाटा आल्या. मुलं किंचाळली, पडली, उठली, पुन्हा पडली. थोड्या वेळाने लाटा थांबल्या. पाणी असं गप्प झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

"कुठं गेल्या?" मुलगा पाण्यात हात घालून शोधू लागला.

मामाजी मात्र तलावाच्या टोकाच्या भिंतीकडे टक लावून बघत होते. "समुद्राचं पानी वारा ढकलते म्हनतात. इथं कोन ढकलून राहिला?"

मामाजी थेट निघाले, आम्ही त्यांच्या मागोमाग. भिंतीमागे एका दाराशी चाळिशीतला एक ऑपरेटर स्टूलवर बसला होता. मामाजींनी त्यालाच गाठलं. त्यांची बोली ऐकून तो उभाच राहिला. "काकाजी, कोनत्या गावचे? मी बी तिकडलाच, आंधळगावचा."

मग काय, दार उघडलं. आत भलामोठा पंखा घोंघावत होता. ऑपरेटरने हाताने दाखवून समजावलं. भिंतीच्या आड कप्पे आहेत, पंखा त्यात हवा भरतो, हवेने पाणी खाली दाबलं जातं आणि पलीकडे लाट होऊन उठते. मामाजींनी दोनदा विचारून घेतलं.

"पंखा बंद झाला का समुद्र झोपते?" मुलगी म्हणाली.

"झोपते ना!" ऑपरेटर म्हणाला.

"मंग या तलावाले तुडूम कुठं हाय?" मामाजींचा पुढचा प्रश्न. तुडूम म्हणजे आमच्याकडच्या तलावाचं पाणी शेतात सोडायचं तोंड. ऑपरेटर हसला. इथलं पाणी कुठेच जात नाही, गाळून परत इथेच येतं, म्हणाला. "म्हंजे एवढं पानी, अन् धान एक काडी नाही," मामाजी हळूच म्हणाले. रागाने नव्हे. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

आम्ही अर्धा तास तिथेच होतो. नवरा आम्हाला शोधत आला, खांद्यावर रबरी ट्यूब. "मी तिकडं रांगेत उभा, अन् तुम्ही इथं मोटर पाहून राहिले?"

ट्यूब दोघांची होती आणि जोडीला कुणीतरी हवं होतं. मुलं उंचीत बसत नव्हती, मामाजी हो म्हणत नव्हते. राहिले मी. पायऱ्या चढताना उगाच होकार दिला असं वाटत होतं. वर पोचल्यावर तर खात्रीच पटली. मागे रांग, खाली बोगदा. बसलो. पुढचं मला फक्त आवाजाने आठवतं, आणि तो आवाज माझाच होता.

खाली आले तर मुलगी काठावर वाट बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"आई, तू 'आई गं, आई गं' कायले ओरडून राहिली होती? आई तर तूच आहेस ना?"

मामाजी इतके हसले की त्यांना काठावर बसावं लागलं. मी नाकातोंडातलं पाणी पुसलं. मुलगी थांबून राहिली, तिला उत्तर खरंच हवं होतं.

"भीती वाटली का तसंच निघते," मी म्हणाले.

"मंग आबाजीले भीती वाटली तर?"

"मी बी 'आई गं'च म्हनीन," मामाजी म्हणाले आणि उठून स्वतःच घसरगुंडीच्या रांगेकडे चालू लागले.