दोनखिशे भाऊंची हाली पावली

दोनखिशे भाऊंच्या प्रत्येक सदऱ्याला छातीवर दोन खिसे असत, आणि त्या दोन खिशांची आपसांत बोलचाल नव्हती. उजव्यात कलदार, म्हणजे आपला सरकारी रुपया. डाव्यात हाली, म्हणजे गोदावरीपलीकडचा, चारमिनार कोरलेला हैदराबादी रुपया. पलीकडे निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्याचं नाणं अजून चालत होतं आणि त्याचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका काठावर तसाच उभा होता. मी सिरोंच्याला मास्तर होऊन गेलो तेव्हा भाऊ घाटावर चिंचेखाली बसून या रुपयाचा तो रुपया करून देत आणि मधला बट्टा कापून घेत. एकदा चुकून कलदार डाव्या खिशात गेला, तर विंचू झटकावा तसा सदरा झटकून त्यांनी तो बाहेर काढला.

माणसांचीही ते अशीच वाटणी करत. "नदी ओलांडली का ज्याची किंमत बदलते तो हाली. जो कुठीबी तेवढाच राह्यते तो कलदार."

"आणि मी, भाऊ?"

त्यांनी मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कलदारच, मास्तर. पण चिल्लर."

आमचा आठवडी बाजार म्हणजे त्या काळचं फुकटचं नाटक. पलीकडे कापडावर करोडगिरी पडायची, म्हणून तिकडच्या बाया कापड घ्यायला इकडे यायच्या. नाकेदार गाठोडं सोडून बघायचा, पण अंगावरच्या कपड्याला कर नव्हता. त्यामुळे सकाळी डोंग्यातून काड्यांसारख्या बाया उतरायच्या आणि संध्याकाळी एकीवर एक तीन लुगडी नेसून, हात अंगाला न टेकवता, कणगीसारख्या डुलत परत जायच्या. नाकेदार मान वळवून नदी बघायचा. सगळ्यांचं पोट त्या नदीवरच होतं, त्याचंही.

भाऊंची एकुलती एक लेक राजक्का पलीकडच्याच गावात दिलेली. तिच्यासाठी नागपुरी लुगडं न्यायचं तर ते पागोटं म्हणून डोक्याला गुंडाळून जात. ऐन वैशाखात एवढं मोठं, काठापदराचं पागोटं बघून नाकेदार विचारायचा, "साहूकार, आज पगडी बड़ी रंगीन है?"

"म्हातारपण हाय, साहेब. थंडी वाजते."

लेकीच्या घरी ते जेवत, पण फुकट नाही. बापानं लेकीचं अन्न खाऊ नये, हा जुना नेम. उठताना ताटाखाली हालीची पावली, पाव रुपयाचं नाणं, सरकवत. हालीचीच, कारण देश हालीचा. राजक्का ताट उचले, पावली कनवटीला लावे, आणि दोघांपैकी कोणी एक शब्द बोलत नसे.

देवाकडे त्यांचं मागणं ठरलेलं होतं. "हा नाका जाऊ दे. पोरीचं लुगडं उजळ माथ्यानं नेऊ दे." मी छेडायचो, "आणि दोन्ही रुपयांचा मिळून एकच झाला तर?" मग ते कानाला हात लावायचे. "मास्तर, नाका जावा अन् दोन्ही शिक्के राहावे. तुम्ही देवाले फितवू नका."

देवानं भाऊंचं ऐकलं, पण अर्धं ऐकून थांबला नाही. आधी हाली बंद होणार अशी दवंडी आली. लोक हाली घेऊन चिंचेखाली धावत आले आणि पडेल त्या भावात देऊ लागले. भाऊ शांतपणे कलदार मोजून ती घेत बसले. दरसाल मिरचीच्या दिवसांत व्यापाऱ्यांना पलीकडे खरेदीसाठी हाली लागायची आणि तिचा भाव चढायचा. जन्मभर त्यांनी हेच पाहिलं होतं. उतरलेली हाली म्हणजे त्यांना उन्हाळ्यातली गोदावरी वाटली, पाणी येईलच.

"भाऊ, सरकार बंद करून राह्यलं, अन् तुम्ही काऊन घेता?" डोंगेवाल्यानं विचारलं.

"सरकार मिरची खात नाई काय?"

मिरची आली. व्यापारी कलदार घेऊन पलीकडे गेले आणि पलीकडच्यांनी तो हसत घेतला. तरीही वेळ गेली नव्हती. तिकडच्या सरकारी खजिन्यात ठरल्या भावानं हाली बदलून मिळत होती. मी भाऊंना ओढून नेलं. रांगेत त्यांचीच जुनी गिऱ्हाइकं उभी. त्यातला एक ओरडला, "या भाऊ, या. आज तुमचा बट्टा कोण कापते?" सगळी रांग हसली. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. भाऊ थैली काखोटीला मारून तसेच मागे फिरले. "साऱ्याइचा बट्टा म्या कापला. आता खिडकीपुढं मान वाकवून माहा कापून घेऊ?" पुन्हा ते गेले नाहीत. मुदत संपली, हाली बाद झाली.

मग नाकाही उठला. गावानं नारळ फोडले, मीही दोन शब्द बोललो. पण कापडाचा भाव दोन्ही काठांवर सारखा झाल्यावर इकडे कोण येणार? तिकडच्या मोठ्या गावचे दुकानदार थेट खेड्यांत माल पाठवू लागले. डोंगे वाळूत पालथे पडले, आमचा बाजार भाजीपुरता उरला. जी रेघ पुसावी म्हणून सगळ्यांनी नवस केले, तीच आम्हाला जेवू घालत होती. लुगडं उजळ माथ्यानं न्यायची मुभा मिळाली तेव्हा भाऊंकडे लुगडं घ्यायला पैसे नव्हते. एका सकाळी बोडक्या डोक्यानं डोंग्यात बसून ते लेकीकडे राहायला गेले.

पुढच्या वर्षी मी भेटायला गेलो. नाक्याच्या छपरीत शेळ्या बांधल्या होत्या. भाऊंचा उजवा खिसा सपाट, डावा लोंबलेला. आम्ही जेवलो. उठताना त्यांनी ताटाखाली पावली सरकवली. जावई माझ्याकडे बघून हसला, "मामांचं राज्य चालूच हाय." राजक्कानं पावली कनवटीला लावली. हात धुताना मला राजक्का दिसली. बापाची खांबावर टांगलेली थैली उघडून ती पावली हळूच आत सोडत होती.

भाऊ मला काठापर्यंत पोचवायला आले. माझी खोड काही जात नाही. म्हटलं, "थैली बरी भरलेली आहे अजून."

ते थांबले. "मास्तर, नाणं मी बोटानं वळखतो. त्या पावलीच्या कडेले खाच हाय. रोज तेच ठेवतो, रोज तेच परत येते."

"मग बोलत का नाही?"

"काय बोलू? तिले वाटते बापाले समजत नाई. तुम्हीबी सांगू नका." मग खाली बघून म्हणाले, "म्हंजे पोरीच्या घरी फुकटच खाऊन राह्यलो ना मी."

डोंगेवाल्याला द्यायला मी खिशातून नाणं काढलं. आणे जाऊन नवे पैसे नुकतेच निघाले होते. भाऊंनी हात पुढे केला, नाणं घेतलं, डोळे मिटून अंगठ्यानं त्याची कड फिरवून पाहिली. दोनदा पाहिली.

"याची माही वळख नाई," म्हणाले, आणि परत माझ्या हातावर ठेवलं.