सप्टेंबरात विसरलेले शब्द

डनबेरीत शिरताना हमरस्त्याच्या कडेला एक पाटी आहे. ‘वेन्डल प्रोकोपचुकचं गाव’ असं तिच्यावर लिहिलंय आणि खाली बर्फावरच्या हॉकीची स्टिक रंगवलीय. वेन्डल डावखुरा, आणि रंगाऱ्याने स्टिक काढली ती उजव्या हाताची. मी त्यावरून नगरपालिकेत जाऊन दोनदा भांडून आलो. वेन्डल म्हणाला, “सोड ना लायल. बचावपटूच्या नावाची पाटी लावली हेच खूप झालं.”

त्यात खोटं काही नव्हतं. गोल मारणाऱ्याला आमचा गाव डोक्यावर घेतो. गोलकीपरचं कौतुक करतो, त्याच्या विक्षिप्तपणासकट. बचावपटूचं नाव मात्र चुकला तरच घेतात. त्याने रात्रभर गोलासमोर उभं राहून दगडासारख्या रबरी चकत्या अंगावर घेतल्या, तर दुसऱ्या दिवशी पेपरात गोलकीपरचा फोटो येतो. मला याचा अजूनही राग येतो, कारण मीही बचावपटूच होतो. लहानपणापासून डावीकडे तो आणि उजवीकडे मी. विसाव्या वर्षी प्रशिक्षकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की वडिलांची शेती बघ. तेव्हापासून मी गावच्या रिंकवर, म्हणजे हॉकीच्या मैदानावर, बर्फ घालतो आणि तो सपाट करायचं यंत्र चालवतो. वेन्डल पुढे गेला.

पुढे म्हणजे काय, तर बसमध्ये. लोकांना वाटतं धंदेवाईक हॉकी म्हणजे विमानं आणि झगमगाट. वेन्डलची बारा वर्षं खालच्या लीगमध्ये गेली, एका गावाहून दुसऱ्या गावाला रातोरात जाणाऱ्या बसमध्ये, गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून. समोरचे चार दात गेले तेव्हा त्याने फोन करून मला सांगितलं, “आता शिट्टी झकास वाजते.” नाकाचं हाड इतक्यांदा मोडलं की मार्लाने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्नातला फोटो वेळेत काढून घेतला म्हणून देवाचे आभार मानले होते. काय दुखतंय विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, “काही नाही, ठीक आहे.” सगळेच असं म्हणायचे. जो ठीक नसतो त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी विशीतलं पोरगं उभं असतं.

एका हिवाळ्यात मोठ्या लीगमधून बोलावणं आलं. तेव्हाच ती पाटी लागली. सगळा गाव हॉटेलातल्या टीव्हीसमोर बसला होता. दुसऱ्या सत्रात गोलाच्या मागे एका धिप्पाड फॉरवर्डने त्याला मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर असं आपटलं की हॉटेलात कुणाच्या तरी हातातला ग्लास पडला. वेन्डल उठला. बाकावर जाऊन बसला, मान खाली घालून. तिसऱ्या सत्रात परत आला आणि लांब निळ्या रेषेवरून त्याने मारलेली चकती तिघांच्या पायांतून थेट जाळीत गेली. मोठ्या लीगमधला त्याचा तो एकुलता एक गोल. आम्ही टेबलांवर चढून नाचलो.

त्या गोलातलं त्याला काहीही आठवत नाही. गावात कुणीही भेटलं की त्याला तो गोल सांगतं, हातवारे करून, आणि वेन्डल मान डोलावतो. दुसऱ्याच्या लग्नाची गोष्ट ऐकावी तसा.

आमच्या वेळी डोक्याला लागलं की डॉक्टर दोन बोटं दाखवून किती म्हणून विचारायचा आणि मागून कुणीतरी हळूच ‘दोन’ म्हणायचं. नंतर रीतसर परीक्षा आली. सप्टेंबरात, हंगामाच्या आधी, डॉक्टर प्रत्येकाला काही शब्द वाचून दाखवतो आणि थोड्या वेळाने परत विचारतो. महिने उलटे म्हणायला लावतो, एका पायावर उभं करतो. मग हंगामात कुणाचं डोकं आपटलं की पुन्हा तीच परीक्षा. सप्टेंबरपेक्षा कमी भरला, तर बाहेर बसायचं. वेन्डल एकदाही कमी भरला नाही. मी रिंकवर सगळ्यांना अभिमानाने सांगायचो, प्रोकोची कवटी लोखंडाची आहे म्हणून.

तो कायमचा घरी आला तेव्हा ब्रिन, त्याची मुलगी, दहा-अकरा वर्षांची होती. आधी आम्हाला वाटलं थकलाय. मग तो दूध आणायला गेला आणि दुकानाच्या दारात उभा राहिला, मार्ला येईपर्यंत. गाडी चालू ठेवून घरात येऊ लागला. दिवसाउजेडी खिडक्यांना पांघरुणं लावू लागला. ज्या माणसाने मैदानाबाहेर कधी आवाज चढवला नव्हता, त्याने एकदा चमचा सापडत नाही म्हणून अख्खा ड्रॉवर भिंतीवर फेकला आणि मग जमिनीवर बसून रडला. शहरातल्या डॉक्टरांनी काय ते सांगितलं. मार्लाने मला फोनवर एवढंच म्हटलं, “हे वाढतच जाणार आहे, लायल.”

पण बर्फावर तो शाबूत होता. हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. सकाळी नाश्ता केला की नाही हे न आठवणारा माणूस स्केट बांधून उतरला की पाचही खेळाडू पुढच्या क्षणी कुठे असतील ते सांगायचा. शाळा सुटल्यावर मी त्या दोघांसाठी रिंक रिकामा ठेवायचो. ब्रिन त्याच्यासारखीच डावखुरी, त्याच्यासारखीच बचावपटू.

“चकतीकडे काय बघतेस? चकती खोटं बोलते,” तो ओरडायचा. “हातसुद्धा खोटं बोलतात. छातीकडे बघ. छाती जाईल तिकडेच माणूस जातो.”

“आणि समोरचीने मारलाच फटका तर?”

“तर एक गुडघा टेकून आडवं यायचं. तोंड फिरवायचं नाही. तोंड फिरवलं की कानामागे लागतं.”

“डॅड, तोंड न फिरवून तुझे दात कुठे गेले ते बघ जरा!”

मी यंत्रावर बसून हसायचो, तोही हसायचा. आमच्या रिंकच्या त्या पिवळट उजेडात मी त्याला पूर्ण सुखी पाहिलंय. ब्रिन त्याच्यासाठी काय होती ते सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत. त्याचं सगळं निसटत चाललं होतं, आणि जे उरलं होतं ते तो तिच्यात ठेवत होता.

विद्यापीठाच्या संघाने तिला घेतलं तेव्हा गावात पुन्हा एकदा पाटीचा विषय निघाला. मार्ला घाबरली होती. ती ब्रिनला म्हणाली, “एकदा जरी डोक्याला लागलं ना, तरी त्या दिवशी खेळ बंद. शपथ घे.” ब्रिन म्हणाली, “अगं आई, आता पूर्वीसारखं नाही. परीक्षा असते, डॉक्टर सोडतच नाहीत.” मार्लाच्या जिवाला तेवढाच आधार. निघायच्या आदल्या दिवशी बाप-लेक रिंकसमोर गाडीत बराच वेळ बोलत बसलेले मी पाहिले. वेन्डल बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होता आणि ब्रिन मान डोलावत होती. खेळातले डावपेच असतील, असं मी समजलो.

नोव्हेंबरात आम्ही तिघं तिचा सामना बघायला गेलो. पहिल्याच सत्रात कोपऱ्यात तिला मागून धक्का बसला आणि तिचं शिरस्त्राण काचेवर आपटलं. तो आवाज मी ओळखतो. मार्लाने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला होता. वेन्डल उभा राहिला होता, पण तो नेमकं काय बघत होता कुणास ठाऊक. ब्रिनला आत नेलं. थोड्या वेळाने संघाची डॉक्टर स्वतः वर आली, भली बाई होती.

“सगळं ठीक आहे,” ती म्हणाली. “शब्द, महिने, तोल, सगळं. सप्टेंबरात होतं अगदी तेवढंच. डोकं दुखत नाही म्हणते. तरी मी लक्ष ठेवते.”

मार्लाचा जीव भांड्यात पडला. ती रडली, मग हसली आणि आम्हा दोघांना कॉफी घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात ब्रिन पुन्हा खेळली. या वेळचा धक्का अगदी साधा होता म्हणे, रोज बसतो तसा. ती खाली पडली आणि उठली नाही.

नाताळासाठी तिला घरी आणलं. आमच्याकडे नाताळ वाडवडिलांच्या देशातल्या जुन्या पंचांगाने, जानेवारीत. पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, बारा पदार्थ, पैकी एकातही मांस नाही. त्या वर्षी मार्लाने सगळे दिवे बंद ठेवले आणि टेबलावर एकच मेणबत्ती लावली. ब्रिनला उजेड सोसत नव्हता. वेन्डललाही नव्हता. दोघं शेजारी शेजारी बसले होते, दोघांनी टोप्या डोळ्यांवर ओढलेल्या. ब्रिन एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलत होती. पुस्तक उघडलं की तिला ओकारी यायची. एकोणीस वर्षांची पोर.

गहू, मध आणि खसखशीची खीर आधी वाढतात. मार्ला वाढता वाढता म्हणाली, “मला अजून कळत नाही. ती डॉक्टर शपथेवर सांगत होती, काही फरक नव्हता म्हणून. असं कसं होईल?”

मी म्हटलं, “बापाची कवटी मिळालीय, दुसरं काय.” मला वाटलं कुणीतरी हसेल.

तेव्हा वेन्डलने चमचा खाली ठेवला. त्याचा चेहरा अचानक उजळला, त्याला काहीतरी आठवलं होतं, आणि अलीकडे तसं होणं ही त्या घरात सणासारखी गोष्ट होती. तो ब्रिनकडे झुकला.

“ऐक, तुला एक युक्ती सांगतो. हे कुणी शिकवत नाही, आम्ही बसमध्ये शिकलो. सप्टेंबरात शब्द विचारतात ना? सगळे सांगायचे नाहीत. घोडा म्हणायचं, पूल म्हणायचं, मग डोकं खाजवत बसायचं. महिने म्हणताना मध्येच अडखळायचं. एका पायावर मुद्दाम डुलायचं. सप्टेंबरात मठ्ठ राहिलं की मग हंगामात कितीही आपटलं तरी तेवढंच निघतं. आपली जागा कुणी घेत नाही. कळलं?”

वेन्डल वाट बघत होता, आपण काहीतरी मोलाचं दिलंय अशा तोंडाने.

“कळलं, डॅड,” ब्रिन म्हणाली. “लक्षात ठेवीन.”

“आधीच सांगायला हवं होतं तुला.”

“असू दे. आता सांगितलंस ना.”

त्याने समाधानाने खीर खायला घेतली. ब्रिनने टोपी जरा वर करून आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मला रिंकसमोर गाडीत बोटांवर मोजणारा वेन्डल आठवला.

मार्ला उठून बाहेर गेली. उणे तीस होतं आणि तिच्या अंगावर कोट नव्हता. मी तिचा कोट घेऊन मागोमाग गेलो. ती पायरीवर कठडा धरून उभी होती.

“बोल काहीतरी, मार्ला. शिव्या दे त्याला.”

“कुणाला देऊ?” ती म्हणाली. “ज्याने केलं तो या घरात राहत नाही आता. आत बसलाय त्याला तर तिने खीर खाल्ली की नाही याची काळजी आहे.”

दारात ब्रिन आली होती, चौकटीला धरून. “आई, त्याला सांगायचं नाही. लायलकाका, तूही नाही. मी माझ्या मनाने केलं. मला खेळायचं होतं.”

“पोरी, तो तुझा बाप आहे. तुला वाटलं तो सांगतो ते...”

“त्याच्याकडे होतं तेच दिलं त्याने,” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले, कारण अंगणातल्या बर्फावर शेजारच्यांच्या दिव्याचा उजेड पडला होता.

ब्रिन आता बरीच बरी आहे, असं म्हणायची पद्धत आहे. अर्धा तास वाचते. शिक्षण सुटलं, खेळ तर सुटलाच. स्केट तिने मला देऊन टाकले, कुणा मुलीला होतील म्हणून. ते मी माझ्या खोलीत खुंटीला अडकवलेत, कुणाला दिलेले नाहीत.

वेन्डल मात्र शाळा सुटायच्या वेळेला रिंकवर येतो. साध्या बुटांनी बर्फावर चालत जाऊन गोलासमोर उभा राहतो आणि विचारतो, “लायल, ब्रिन कुठे राहिली?” मी सांगतो, तिला लागलंय. येतेय असं खोटं सांगून पाहिलं, पण मग तो अंधार पडेपर्यंत थांबतो. लागलंय म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा.

काल तो भडकला. “डोक्याला? आणि खेळू दिलं तिला? डॉक्टर काय करत होती? परीक्षा घेतात ना सप्टेंबरात! मग कळलं कसं नाही?”

मी यंत्र बंद केलं. इतकी वर्षं मी त्याच्या उजवीकडे खेळलो, त्याच्याकडून काही सुटलं तर मी मागे असायचो. आता मागे फक्त मी होतो, आणि मला काही अडवता येत नव्हतं.

“नाही कळलं,” मी म्हणालो.

“मी तिथे असतो ना, तर तिला हात धरून बाहेर काढलं असतं. आडवा पडलो असतो, पण तिला जाऊ दिलं नसतं. तुला माहीत आहे मी.”

“माहीत आहे रे, प्रोको.”

तो जरा शांत झाला. बाही डोळ्यांवरून फिरवली आणि दाराकडे बघत म्हणाला, “बर्फ छान धरलाय आज. ब्रिन कुठे राहिली?”