कुंकू लावलेला डिफ्यूजन स्टोन

सिलिंडरवरचा काटा वर होता, गळती कुठेच नव्हती, तरी केगमधलं पन्हं ढिम्म. नळ उघडला की ग्लासात साधं पन्हं पडायचं. बुडबुडा म्हणून एक नाही. बाहेर मांडवात नांदेडचे पाहुणे चहा घेत होते आणि इकडे शीतलच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी लातूरचा. सोडा मशीन आणि कूलरची सर्व्हिस करतो. शीतल ही अहमदपूरच्या व्यंकटरावांची मुलगी. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना तिला घरच्या पन्ह्यात गॅस भरायचा नाद लागला. लग्नानंतर हाच धंदा करायचा, असं तिनं ठरवलेलं. होणारे सासरे म्हणाले होते, "साखरपुड्यात पाजा. आवडलं तर खुशाल करा." त्यामुळे पोरीचं लक्ष अंगठीपेक्षा केगवरच होतं.

केग म्हणजे घट्ट झाकणाची स्टीलची टाकी. आत नळीच्या टोकाला डिफ्यूजन स्टोन असतो. नाव स्टोन, पण असतो स्टीलचा, बोटाएवढा. त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यातून गॅस अगदी बारीक बुडबुड्यांनी निघतो आणि थंड पन्ह्यात विरघळतो. उघड्या हातानं त्याला शिवायचंही नसतं. बोटांचं तेल भोकांत बसतं.

मी गॅस बंद केला, प्रेशर सोडलं आणि स्टोन वर काढला. लालभडक. वर तिळाच्या तेलाचा वास.

"ह्याला हात कुणी लावला?"

"म्या पूजा केली की," अनुसयाआत्या म्हणाल्या. या व्यंकटरावांच्या थोरल्या बहीण. घरात आलेली कुठलीही मशीन आधी त्यांच्यापुढे जाते, मग कामाला लागते. "नव्या मशिनीला कुकू लावायचं न्हाई व्हय? तेलात कालवून लावलं, चांगलं बसावं म्हणून."

"बसलंय," मी म्हणालो.

धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं, स्टोन त्यात टाकला. मग दोनदा साध्या पाण्यात उकळला. गॅस सोडून पाहिला, तर भांड्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मला हायसं वाटलं. केग धुतला, राखून ठेवलेलं पन्हं फडक्यातून गाळून भरलं आणि केग बर्फात बसवला. साखरपुड्याचा मुहूर्त नेहमीप्रमाणे लांबला, ते माझ्या पथ्यावर पडलं.

जेवणाच्या वेळी पहिला ग्लास भरला. काय फेस होता! पहिला घोट अर्थातच आत्यांचा.

"अगं बया, ह्ये तर आंबलंय! कसं फसफसून राहिलंय बघा!"

बाटलीतल्या बुडबुड्यांना आपल्याकडे पैसे मोजतात. घरच्या पातेल्यात बुडबुडे दिसले की ते गटारात ओततात. पाहुण्यांनी ग्लास खाली ठेवले. व्यंकटराव धावत आले.

"साहेब, गॅस काढून टाका. इज्जतीचा सवाल हाय."

"काका, व्हॉल्व्हला हात लावू नका," शीतल मला म्हणाली.

गॅस भरायला मला अनेकांनी बोलावलंय. काढायला कोणी नाही. मी हात मागे बांधून उभा राहिलो. मला त्या पोरीचं फार वाईट वाटत होतं.

तिनं भरलेला ग्लास उचलला आणि थेट सासऱ्यांपुढे नेला. "बाबा, हे नासलेलं नाही. मी मुद्दाम असं केलंय. प्या आणि मग काय ते सांगा."

त्यांनी एकदा आत्यांकडे पाहिलं, एकदा ग्लासाकडे. मग एका दमात संपवला. आणि त्यांनी असा ढेकर दिला, की पार टोकाचा फोटोग्राफर दचकला.

"लई बेस!" ते म्हणाले. "आणखी एक भरा. आन् पोरीला ह्यो धंदा करू द्यायचा, शब्द हाय माझा."

त्यानंतर नळ बंद करायला सवड मिळाली नाही. शीतल मात्र केगला टेकून रडत होती.

"म्हणलं न्हवतं?" आत्या सगळ्यांना सांगत होत्या. "कुकू लावल्याबिगर मशीन चालत न्हाई."

आता नांदेडला शीतलचा धंदा जोरात आहे. नवा केग आला की आत्या अहमदपूरहून एसटीनं येतात. तेलकट स्टोन उकळून साफ करता येतो, आत्यांना उकळता येत नाही. म्हणून माझ्या बॅगेत हल्ली दोन स्टोन असतात. एक केगमध्ये जातो, दुसरा आत्यांच्या पूजेच्या ताटात.