लर्चरच्या गळ्यातला दोरा

लर्चर म्हणजे काय, हे कॅनडात आमच्या मिसिसागा शहरातल्या मराठी मंडळींना समजावून सांगण्यात माझा बराच काळ गेला. ग्रेहाउंडची धाव आणि मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याची अक्कल एकाच अंगात यावी म्हणून दोघांचा संकर करतात, तो लर्चर. ससे धरणारं कामाचं कुत्रं. माझ्या कुत्रीत थोडा डिअरहाउंडही होता, त्यामुळे वरून राखाडी, राठ, विस्कटलेले केस आणि त्याखाली नुसत्या फासळ्या. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारायचा, हिला खायला घालता की नाही? मी पोटावरून हात फिरवून सांगायचो, तिच्या वाटचं मीच खातो. तेवढ्यावर लोक हसायचे. ती आता नाही, आणि तो विनोद मी पुन्हा केलेला नाही.

शिकारी कुत्र्याशी माझा पूर्वसंबंध म्हणाल तर एवढाच: लहानपणी सांगलीकडे मामाच्या शेजाऱ्याकडे एक कारवानी कुत्रा होता आणि मी त्याला कुंपणावरून बघत असे. एकदा तो माझ्याकडे बघून जांभई देऊन गेला होता. एवढ्या भांडवलावर मी ओंटारिओतल्या एका सफरचंदाच्या बागेच्या मालकिणीला सांगितलं की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असली कुत्री आहेत. बाई सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, तोंडानं फटकळ. ती लर्चर पाळायची ती हौस म्हणून नव्हे. हिवाळ्यात बर्फ साचला की ससे कोवळ्या झाडांची साल कुरतडतात. खोडाभोवती पूर्ण गोल कुरतडलं की ते झाड वसंतात फुटतच नाही. तिची जुनी कुत्री म्हातारी झाली होती. तिनं मला एक पिल्लू दिलं ते एका अटीवर: मी ते नीट शिकवायचं आणि हिवाळ्यात तिच्या बागेत कामाला आणायचं.

ती अट मला फार मानाची वाटली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी वीकेंडचं विचारलं की मी म्हणायचो, "कुत्री ट्रेन करतोय, शिकारीसाठी." पलीकडे क्षणभर शांतता पसरायची. ती शांतता मला आवडायची.

शिकवणं मात्र जसं मी सांगायचो तसं चाललं नव्हतं. शिट्टी वाजली की धावत यायचं, हा पहिला धडा. शिट्टी वाजवायची, आली की खाऊ द्यायचा. पिल्लू हुशार, आठवड्यात शिकलं. पण माझी शिट्टी आणि आमच्या कुकरची शिट्टी यांत तिनं कधी फरक केला नाही. बेसमेंटमध्ये झोपलेली असली तरी पहिल्या शिट्टीला गॅससमोर येऊन बसायची आणि तिसरी होईपर्यंत हलायची नाही. पुढे बागेत मी शिट्टी वाजवली की ती येताना नाक वर करून वरणाचा वास शोधायची. दुसरा धडा, धरलेलं तोंडात अलगद आणून हातात द्यायचं. त्यासाठी मी माझ्या जुन्या मोज्यावर सशाचं कातडं शिवलं. ती तो मोजा आणायचीच, शिवाय उत्साहाच्या भरात शेजाऱ्याच्या डेकवरचे हातमोजेही आणून द्यायची. मी ते गुपचूप परत नेऊन ठेवायचो. मुलगी म्हणायची, "डॅड, यू आर ट्रेनिंग अ थीफ."

पण एक गोष्ट ती स्वतःच्या रक्तातूनच घेऊन आली होती. वर्ष उलटेपर्यंत हाडं पक्की होत नाहीत म्हणून तिला मोकळं पळवायचं नव्हतं. ते झाल्यावर बाईच्या कापलेल्या मक्याच्या शेतात तिला पहिल्यांदा सोडलं आणि मी बोलायचा थांबलो. माझ्या ओळखीच्यांना विचारा, हे किती क्वचित होतं. पळताना तिचे चारही पाय पोटाखाली एकत्र यायचे आणि मग सगळं अंग उलगडायचं. तारांच्या कुंपणातून कसं जायचं, हे बाईनं तिला शिकवलं. दोन तारांमधून अंग आडवं करून, वेग न मोडता. आणि मला एकच नियम शिकवला, तोही तीन-चार वेळा. सोडण्याआधी गळ्यातला पट्टा काढायचा. पट्टा फांदीत, तारेत अडकतो आणि एवढ्या वेगात अडकलं की कुत्रं संपतं. "अंगावर काही नको," ती म्हणाली. "जन्माला आली तशी सोड."

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर आई सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळतो त्या व्हिसावर, आमच्याकडे आली. आल्या आल्या तिनं कुत्रीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काय गं बाई, कुणी उपाशी ठेवलं तुला?" तेव्हापासून कुत्री तिची 'बाई' झाली. रोज सकाळी बाईला दूध-भाकरी. मी सांगितलं, हिचा आहार ठरलेला आहे. आई म्हणाली, तुझाही ठरला होता, काय झालं?

मग इथल्या मराठी मंडळाची सहल झाली. पार्कात मी जरा मिरवायला म्हणून तिला पळवलं. सगळे जेवणाच्या प्लेट्स हातात धरून बघत राहिले. 'काय पळते हो', 'हरिणासारखी', 'अशी कुत्री बघितली नव्हती'. आई एका बाजूला उभी राहून त्या बघणाऱ्यांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी कुत्री पुढच्या पायानं लंगडायला लागली. नखाला खडा लागला होता, दोन दिवसांत बरं झालं असतं. पण आईनं त्याच संध्याकाळी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या तिच्यावरून उतरवून तव्यावर टाकल्या. घरातला एकूण एक स्मोक अलार्म एकदम ओरडायला लागला. बाहेर उणे दोन, सगळ्या खिडक्या उघड्या, मी स्टुलावर उभा राहून टॉवेलनं अलार्मला वारा घालतोय, बायको खोकतेय, आणि आई समाधानानं म्हणतेय की बघ, किती दृष्ट लागली होती.

त्यानंतर तिनं गावाहून आणलेला काळा दोरा कुत्रीच्या गळ्यात बांधला. आठ दिवसांत तो तुटला. कुत्री कान खाजवत असताना तिचा पाय त्यात अडकला आणि दोरा गेला. दुसरा बांधला, तोही तुटला. आता आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. दोन दोरे तुटणं तिला चांगलं लक्षण वाटत नव्हतं. ती रात्री फोनवर मावशीला सांगायची, मुक्या जिवाचं काही खरं नाही, आणि हा तिला सशामागे सोडणार आहे. एकदा मला म्हणाली, "नाही सोडलंस तर चालणार नाही का रे?" मी म्हटलं, कामाची कुत्री आहे, शब्द दिलाय. ती म्हणाली, "मग धडधाकट परत आण. एवढंच."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. दोरा तुटतो ही अडचण आहे ना, मग ती सोडवता येते. मी दुकानात मासेमारीच्या सामानाच्या विभागात गेलो आणि विणलेली काळी डोर घेतली. मोठा मासा ओढला तरी तुटणार नाही, असं पाकिटावरच छापलं होतं. तिचे तीन पदर करून वेणी घातली. व्हिडिओ बघून न सुटणारी गाठ मारली. आईनं ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला. "हा चांगला," म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की मी ऑफिसातही सांगितलं.

डोर त्या राठ केसांत अशी बुडाली की बोटांनी शोधावी लागे. नंतर ती कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही बागेत गेलो. बर्फावर पातळ कडक पापुद्रा होता, ऊन होतं, वारा नव्हता. मी स्नोपँट, दोन स्वेटर आणि जाकीट घालून गठुळ्यासारखा चालत होतो. बागवाली बाई काठी टेकत मागून. एका रांगेतली तीन झाडं नुकतीच कुरतडलेली होती. खोडाचा पांढरा भाग ओला दिसत होता. बाईनं मान हलवली. मी खाली वाकलो आणि कुत्रीचा पट्टा काढला. काढताना मला समारंभाला आल्यासारखं वाटत होतं. पट्टा घडी करून खिशात ठेवला. नियम मी तंतोतंत पाळला.

दोऱ्याचा विचार मनात आला आणि मी तो झटकला, असंही झालं नाही. तो आलाच नाही. लहानपणी आंघोळीला सगळे कपडे काढ म्हणून सांगितलं तर मी सगळे काढायचो आणि करदोटा कमरेला तसाच असायचा. तो अंगावर आहे असं आमच्याकडे कोणी मोजत नाही. अंगावर काही नको म्हटल्यावर पट्टा काढला. दोरा कुठे अंगावर होता?

ससा तिसऱ्या रांगेतून उठला. ती सुटली. पहिलं वळण, दुसरं वळण, दोन्ही वेळा तिनं त्याला बागेच्या आत वळवलं. बाई मागून काहीतरी चांगलं बोलली, मला वाटतं माझ्याबद्दलसुद्धा. मग ससा शेजाऱ्याच्या शेताकडे निघाला आणि जुन्या कुंपणाखालून पार झाला. ती शिकवल्याप्रमाणे अंग आडवं करून दोन तारांमधून गेली. पुढचं अंग पलीकडे गेलं आणि तिथंच थांबलं. आवाज असा झालाच नाही. फक्त कुंपणाचे सगळे खांब एकामागोमाग एक थरथरले.

मी पळालो. म्हणजे मला पळाल्यासारखं वाटलं. पापुद्र्यातून पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता, दोनदा तोंडावर आपटलो. तारेवरच्या एका काट्याला मी घातलेली डोरीची वेणी अडकली होती. मी कुत्रीला उचलून धरलं, डोर सैल केली, पण गाठ सुटेना. न सुटणारीच गाठ होती ती. खिशात हात घातला. शिट्टी, बिस्किटं, हात गरम करायची पाकिटं, मोजा, चिवड्याची पुडी, पट्टा. चाकू नव्हता. मी दातांनी चावायला लागलो. तिच्या मानेवरचे केस माझ्या तोंडात जात होते आणि मी चावत होतो. मागून बाई आली, जाकिटातून फांद्या छाटायची कात्री काढली आणि एका झटक्यात डोर कापली.

काही उपयोग नव्हता. तिची मान माझ्या हातात सैल पडली होती. शेजारच्या शेतात ससा मध्यावर बसून आमच्याकडे बघत होता.

बाईनं तो काळा तुकडा उचलला, उलटसुलट केला. "हे काय आहे?"

"संरक्षणासाठी होतं," मी म्हणालो.

"कशापासून?"

"लोकांच्या नजरेपासून."

तिनं आजूबाजूला पाहिलं. चारी दिशांना नजर पोचेल तिथवर बर्फ आणि झाडं. मग तिनं तो तुकडा माझ्या हातात दिला आणि कुत्रीचे मागचे पाय धरले. आम्ही दोघांनी मिळून तिला गाडीपर्यंत आणलं.

जमीन गोठलेली होती, पुरता येणार नव्हतं. घोंगडीत गुंडाळून घरी आणलं. सोमवारी दहनासाठी जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. दारात आई वाटी घेऊन उभी. घोंगडी बघून तिनं वाटी खाली ठेवली. मग खाली बसली, घोंगडी बाजूला केली आणि कुत्रीचे केस नीट करायला लागली. डोक्यावरचे, कानांमागचे, मानेचे. मानेवर तिची बोटं थांबली. मग मानेभोवती तशीच गोल फिरली.

"दोरा होता ना रे?"

गाडीतून येताना मी पूर्ण वाट एवढाच विचार केला होता. होता म्हणालो तर? तो बांधायचं तिनंच सुरू केलं होतं. आपल्याच दोऱ्यानं कुत्री गेली, हे वाक्य ती पुढची सगळी वर्षं उशाशी घेऊन झोपली असती.

"पट्ट्याबरोबर काढला होता," मी म्हटलं. "इथे तसा नियम आहे."

"असं," आई म्हणाली. घोंगडी पुन्हा नीट गुंडाळून ती आत गेली आणि हात धुतले.

त्यानंतर आई माझ्याकडे होती तोवर मंडळात जिथे तिथे ही गोष्ट सांगत राहिली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितली, कोणाच्या गृहप्रवेशाला सांगितली. मी एवढा गळ्यात दोरा बांधला होता, ह्यानं शहाणपणा करून काढला, आणि गेली बिचारी. बायका माझ्याकडे बघायच्या. आयुष्यात मी माझे असंख्य गाढवपणे स्वतःच रंगवून सांगितलेत, ऐकणाऱ्याला हसवलंय. हा एक दुसऱ्याच्या तोंडून, चुकीचा, आणि मी भजी खात मान हलवतोय. तिच्यासाठी एवढं करतोय याचा मला मनातून थोडा अभिमानही वाटायचा.

वसंतात ती परत निघाली. एअरपोर्टवर बॅगा चेक-इन झाल्यावर तिनं पर्समधून काळा दोरा काढला. साधा, सुती, एकपदरी. माझा हात ओढून मनगटाला एक वेढा दिला आणि एकच गाठ मारली, तीही सैल.

"एवढा ढिला?" मी विचारलं. "पडेल हा."

"कुठे अडकलास तर तुटेल असा बांधलाय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होती, माझ्याकडे बघत नव्हती. त्या दिवशी मानेवर थांबलेली बोटं मला आठवली. तिनं घोंगडीपाशीच सगळं ओळखलं होतं, आणि मी जो खोटेपणा तिच्यासाठी केला तो तिनं तसाच उचलून लोकांना सांगितला होता, म्हणजे मला वाटावं की तिनं मानलं.

"बाईला दूध आवडायचं," ती जाता जाता म्हणाली आणि सिक्युरिटीच्या रांगेत शिरली.

गाडीपाशी येऊन जाकीट घालताना दोरा चेनमध्ये अडकला आणि तुटला.