चार काट्यांवरची गाडी

एकतीस वर्षं ती वजनकाटे दुरुस्त करत होती. वाण्याचे, सोनाराचे, दवाखान्यात बाळं तोलायचे. नाव बाजूला पडून तिला सगळे काटेवालीच म्हणू लागले. पुढे सांध्यांनी दगा दिला, उजव्या हाताची बोटं आखडली आणि काट्यांच्या कारखान्याने तिला निरोप दिला. घरी बसून भिंती खायला उठल्या, तेव्हा एका रविवारी लेक तिला बंद गोदामामागच्या डांबरी मैदानावर घेऊन गेली. तिथे चांगली मोठी माणसं रिमोटवरच्या हातभर गाड्यांची शर्यत लावत होती.

"आई, नुसतं बघ हं," लेक म्हणाली.

बघणं कुठलं! पंधरा दिवसांत काटेवालीने एक जुनी गाडी विकत आणली.

गाडी डावीकडे लोण्यासारखी वळायची. उजवं वळण आलं की मात्र मागून सटकायची आणि गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहायची. बाकीचे अशा वेळी रिमोटचं चाक झटकन उलटं फिरवून गाडी सावरत. काटेवालीची बोटं तेवढी झटकन हलतच नसत.

या शर्यती भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते आणि सलग तीन वर्षांचे विजेतेही. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"काकू, राग मानू नका, पण हा हातांचा खेळ आहे. तुम्ही फेऱ्या मोजायला बसा ना. सावलीत खुर्ची आहे."

"खुर्चीतच बसायचं तर घरी चार आहेत. दोष गाडीत आहे, डॉक्टर."

"हरणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," डॉक्टर हसले. "नाचता येईना..."

"अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं. मोजून सांगते."

घरी तिने ओट्यावर चार छोटे काटे मांडले. एक किंचित खाली होता, त्याच्याखाली कागदाची घडी सरकवली. मग प्रत्येक चाकाखाली एक काटा येईल अशी गाडी अलगद ठेवली. चार आकडे लागले. डावीकडे शंभर ग्रॅम जास्त आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा हलकी.

"सापडली लबाडी!" ती लेकीला म्हणाली. "उजवीकडे वळताना भार डावीकडे कलतो. बसमध्ये आपण नाही का कलत? इथे डावी चाकं आधीच ओझ्याने वाकलीत, ती कुठवर पकड धरणार? त्यात मागची हलकी, म्हणून घसरतात तीच."

"मग डावी बाजू हलकी कर."

"डावीकडची बॅटरी फेकून देऊ? वजन दुसऱ्या पारड्यात टाकायचं."

तिने मोटरचा वेग सांभाळणारा डबा डावीकडून काढून उजवीकडे बसवला आणि उजव्या टोकाला अगदी मागे शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. उत्साहाच्या भरात जरा जास्तच चिकटवल्या. रविवारी गाडीचं बूड खिळ्यासारखं जमिनीला धरून राहिलं खरं, पण पुढची चाकं हलकी पडली. वळण आलं आणि गाडी न वळता सरळ टायरच्या कुंपणात घुसली. पुढच्या चाकाचा एक दांडा मोडला. मैदान खदखदून हसलं.

"काकू, सगळे गाडीचं वजन उतरवतात आणि तुम्ही शिसं बांधता?" डॉक्टर म्हणाले.

"वजन किती, हा प्रश्न वाण्याचा," मोडका दांडा उचलत ती म्हणाली. "वजन कुठे, हा माझा."

पुढचे तीन रविवार ती सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. शिसं बोटभर पुढे सरकवायचं, दोन फेऱ्या मारायच्या, पुन्हा सरकवायचं. आधीच्या मालकाने हौसेने टपावर लावलेले दिवेही तिने उपटले. उंचावरचं वजन गाडीला वळणावर आडवं पाडतं.

मग फळ्यावर हंगामाच्या शर्यतीची यादी लागली. तिचं नाव नवशिक्यांच्या गटात. ती नियमांचं पुस्तक घेऊन थेट डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"यात लिहिलंय, गट वेळेवरून ठरतो. वयावरून नाही, बोटांवरून तर नाहीच. माझी दहा फेऱ्यांची वेळ घ्या. जमली नाही, तर तुमची ती खुर्ची माझी."

डॉक्टरांनी घड्याळ काढलं.

उजव्या वळणाला तिने रिमोटचं चाक एकदाच फिरवलं आणि तसंच धरून ठेवलं. गाडी सटकली नाही, गर्रकन फिरली नाही. आखडलेल्या बोटांना सावरायचं काही उरलंच नव्हतं. दहाही फेऱ्या तशाच. मुख्य गटाच्या वेळेपेक्षा चार सेकंद आधी तिने त्या संपवल्या.

"मोटर बदललीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोटर तीच आहे. हातही तेच आहेत, बघून घ्या."

मुख्य शर्यतीत ती दहांपैकी चौथी आली. डॉक्टर पहिले. बक्षीस वाटताना त्यांनी तिच्यापुढे एक छोटा चषक धरला. "ज्येष्ठ खेळाडूला, खास प्रोत्साहन म्हणून."

तिने तो तिथेच टेबलावर परत ठेवला. "चौथ्याला चषक नसतो. तो पहिल्याचा पुसून ठेवा, मी न्यायला येईन."

न्यायला तिला आणखी दोन हंगाम लागले. तोवर डॉक्टरांसकट सहा जण गाड्या बगलेत मारून तिच्या ओट्यापाशी येऊन गेले होते, आणि प्रत्येकाची गाडी तिने चोख तोलून दिली होती. लेक चिडायची, "अगं, यांनाच हरवायचंय ना तुला?"

"म्हणूनच तर!" ती म्हणायची. "वाकड्या गाडीला हरवण्यात काय मजा?"