पोरीला ऐकू येतं का, एवढंच

पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या वाटेवरच्या एका गावात मी बालवाडी चालवायचे, तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. माझं माहेर महाडचं. थोडं प्रशिक्षण घेऊन मी त्या गावात नोकरीला लागले. पोरांची नाकं पुसायची, त्यांना गाणी शिकवायची, दूध वाटायचं, एवढंच माझं काम, अशी गावाची समजूत होती. पण वर्षातून एकदा महाडचे डॉक्टर तपासणीला पोलादपुरात येत, आणि त्याआधी प्रत्येक पोर नीट पाहून ठेवायचं, हेही माझंच काम होतं. चालतं का, बोलतं का, दिसतं का, ऐकू येतं का, सांगितलेलं कळतं का. कुणात काही कमी वाटलं तर त्याला डॉक्टरांपुढे न्यायचं.

"चांगल्या पोरांत खोट काढते ही बाय," असं माझ्यामागे बोलत. बरं, काढते. चालत नसलेलं पोर आपोआप चालेल म्हणून वर्षानुवर्षं चुलीपाशी बसवून ठेवणाऱ्यांपेक्षा मी बरी, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

बालवाडी भरायची ती एका खात्यापित्या शेतकरी घराच्या पडवीत. घरात आजी-आजोबा, त्यांची लग्नाला आलेली धाकटी लेक, सून आणि सुनेची एकुलती मुलगी. मुलगा मुंबईला गिरणीत. ही नात पाचवं लागलं तरी एक शब्द बोलत नव्हती. हसायची, भांडायची, दुसऱ्याचा पेरू हिसकावून पळायची. घरात तिला खुळीच म्हणत. तोंडावर म्हणत, लाडानंही म्हणत. जीभ सुटावी म्हणून पोपटानं टोचलेली फळं शोधून तिला खायला घालत. देवळात घंटा बांधण्याचा नवस बोलून झाला होता. सगळं चालत होतं, डॉक्टर तेवढा नको होता.

कारण साधं होतं. धाकट्या लेकीला नाते गावचं स्थळ सांगून आलं होतं. घरात खुळं पोर आहे हे डॉक्टरच्या तोंडून चार गावांत गेलं की ते स्थळ मोडणार.

मी आजोबांना सांगितलं, "तुमच्या नातीला ऐकू येत नसावं. डॉक्टरांना दाखवू."

"आमच्या घरात खुळं कोण नाय," आजोबा म्हणाले.

"मी खुळी म्हटलंच नाही. तुम्हीच म्हणता दिवसभर."

"ते घरात. बाहेर नाय म्हणायचं."

म्हणजे पोर घरात खुळी आणि बाहेर शहाणी. आणि ती खरी काय आहे, हे कुणी बघायचंच नाही.

आजी माझ्यावर उखडल्या. "आयकू येत नाय म्हणतेस? ये गो, दाखवते तुला." मला हाताला धरून त्यांनी माजघरात नेलं. तिथे जमिनीत उखळ पुरलेलं होतं. पोरीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि भातावर मुसळ घातलं. पहिल्याच दणक्याला पोर गर्रकन वळली. पुन्हा भिंतीकडे वळवलं, पुन्हा मुसळ घातलं, पुन्हा वळली. वर आजीला हसून दाखवलं.

"बघितलंस? तुज्यापेक्षा तिखट कान हायेत तिचे. आता जा न् तुज्या डाक्टरला सांग."

समोर दिसत होतं त्याला नाही कसं म्हणणार? त्या घरातच नव्हे, सगळ्या गावात पोराचा कान असाच पारखत, हे मला नंतर कळलं. मुसळाला दचकलं की पोराचे कान धड.

पण माझं मन काही मानेना. त्या पोरीला मी पाठीमागून नावानं हाक मारली की ती कधी वळत नसे. टाळ्यांच्या खेळात तिची टाळी नेहमी दुसऱ्यांची टाळी बघून पडायची, म्हणजे सगळ्यांच्या मागून. असं असताना मुसळ ऐकू येतं आणि माणूस ऐकू येत नाही, हे कसं?

उत्तर मिळालं ते पोरांच्या धिंगाण्यात. पावसानं पोरं आत कोंडली होती आणि पडवीच्या एका टोकाला उड्या मारत होती. ही दुसऱ्या टोकाला खापऱ्या मांडत बसलेली, पाठ त्यांच्याकडे. पोरं किंचाळत होती तेव्हा तिनं मान वर केली नाही. पण धप्पकन उडी पडली की ती वळून बघायची. मी पोरांना गप्प केलं आणि तिच्या मागे उभं राहून जमिनीवर जोरात पाय आपटला. वळली. मग पितळी थाळी तिच्या डोक्यामागे धरून बडवली. कुणाचेही कान किटतील अशी बडवली. पोर खापऱ्या मांडत राहिली.

तिला जमिनीचा हादरा कळत होता, आवाज नव्हे.

मी तशीच उठून माजघरात गेले. "आजी, पुन्हा एकदा कांडा. पण पोरीला जमिनीवर नाही बसवायचं. झोपाळ्यावर बसवू, पाय वर घेऊन."

"का गो? झोपाळ्यावर कान बदलतात काय?"

"नाही ना बदलत? मग घाबरता कशाला?"

हे बोलणं आगाऊपणाचं होतं. पण त्याशिवाय आजी उठल्या नसत्या. ओटीवरचा झोपाळा दोरांनी तुळईला टांगलेला. उखळ दाराच्या आत, चार हातांवर. पोरीला अंगणाकडे तोंड करून मांडी घालून बसवलं. अंगणात एक कोंबडी पिलं घेऊन फिरत होती, त्यांच्याकडे ती बघत बसली.

आजींनी मुसळ घातलं. पोर हलली नाही. पुन्हा घातलं. नाही हलली. मग आजींनी पदर खोचला आणि भाताचा चुरा होईल असे दणके घालायला लागल्या. छपराच्या कौलांवर बसलेलं मांजर उडी मारून पळालं. पोर कोंबडीकडे बोट दाखवून खिदळत होती.

आजी थांबल्या. मुसळ भिंतीला टेकवलं. मला वाटलं, आता मला शिव्या पडणार. पण त्यांनी विचारलं, "मंग इतकी वर्सं मी हिला हाका मारते, त्या कुणाला?"

"परवा डॉक्टर पोलादपूरला आहेत," म्हटलं. "खुळं पोर बरं करता येत नाही म्हणून तुम्ही घरात ठेवलंत. बहिऱ्या पोराला शिकवता येतं. मुंबईत त्यांच्यासाठी शाळा आहेत."

संध्याकाळी आजोबा शेतावरून आले ते माझ्याशीच बोलले, बायकोशी नाही. "पोरीला पोलादपूरला न्यायचं नाय. नेलंस तर ही पडवी उद्यापास्नं मोकळी कर."

"करते," मी म्हटलं. "पोरं माझी आहेत, पडवी तुमची."

"नाते गावची माणसं इतवारी येतायत. कळतं काय तुला? माज्या लेकीचं काय?"

हा प्रश्न खोटा नव्हता. दाराआड त्यांची लेक उभी होती, तिनंही ऐकला. स्थळ मोडणार नाही, असं खोटं मी त्यांना सांगितलं नाही.

तेवढ्यात आतून आजी म्हणाल्या, "नातीला मी नेणार हाय. बाय नाय नेत."

"तुला कुणी इचारलं?"

"मीच सांगितलं होतं ना आख्ख्या गावाला, हिला आयकू येतं म्हणून? मंग आता येत नाय हेपण मीच सांगनार. खुळी नाय ती. मी सवता कांडून बघितलंय."

डॉक्टरांनी तपासलं, तेच सांगितलं. जन्मापासून ऐकू येत नसावं, बाकी पोर हुशार आहे, लवकर शाळेत घाला. नाते गावचे लोक रविवारी आले, चहा पिऊन गेले आणि परत आले नाहीत. मला पडवी सोडावी लागली. एका मुसलमान व्यापाऱ्यानं भाताच्या वखारीपुढचा ओटा दिला, तिथे बालवाडी भरली. काही घरांनी पोरं पाठवणं बंद केलं. मी त्या घरांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि पोरं घेऊन आले. त्या लेकीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, दुसरीकडे. तोवर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याचा मला राग नाही. तिला किंमत मोजायला लावली होती, तिला न विचारता. तरीही पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करेन.

गिरणीतला मुलगा शिमग्याला गावी आला. बापाचं ऐकून घेतलं, आईचं ऐकून घेतलं, आणि जाताना बायको-पोरीला बरोबर घेतलं. मुंबईतल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. पोलादपूरला एस. टी.त बसवायला आजी आल्या आणि महाडपर्यंत जाते म्हणत गाडीतच चढल्या. मला महाडला जायचंच होतं. आजोबा आले नव्हते.

गाडी गच्च भरलेली. निम्मी माणसं आमच्याच भागातली, घराला ओळखणारी. कंडक्टर तिकिटं फाडत आला. पोर खिडकीला नाक लावून उभी. त्यानं तिला विचारलं, "किती वर्षांची गं तू?" ती बाहेरच बघत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, मग आजींकडे वळला. "मुकी आहे का, आजी?"

पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी माना वळवल्या. सुनेनं पदर ओढून घेतला.

"बहिरी हाय," आजी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "मुंबईला शाळेत चाललीय. फाड अर्धं तिकीट."