दुधाची किटली

दर गुरुवारी दुपारी मी कर्जतला दवाखान्याच्या वरच्या खोलीत जाऊन बसत असे. आम्ही सगळे उदासीवर उपचार घेणारे, गोल करून बसायचो. माझा पाय सारखा हलत असायचा. नोकरी सोडून मी कोंडाणे लेण्यांजवळच्या आमच्या घरी परतलो होतो आणि दिवसचे दिवस पडून होतो. पण पडूनही स्वस्थता नव्हती.

समुपदेशक ताई सांगायच्या, "मन बरं झालं की काम करीन, असं म्हणून थांबू नका. आधी छोटं काम करा. मन मागून येईल." प्रत्येकाने आठवड्याचं एक काम सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. मी म्हणालो, "सकाळी म्हशीचं दूध डेअरीवर पोचवीन."

पुढच्या गुरुवारी सांगायला काहीच नव्हतं. मी उठेपर्यंत आई दूध घालून आलेली असे. घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. मी शिकावं म्हणून तिने मला कधी गोठ्यात पाय ठेवू दिला नव्हता. त्या मायेवरच मी शिकलो, हे मी विसरलेलो नाही.

आई काम करूच देत नाही, एवढंच मी गटात सांगितलं. शेलूकडच्या एक मावशी गटात होत्या. त्या म्हणाल्या, "माझी सून बी तशीच. मला पाटावर बसवून ठेवलीय गणपतीसारखी. आता इसर्जनाचीच वाट बघायची." सगळे हसले. ताईही हसल्या, मग मला म्हणाल्या, "आईकडून काम मागून घ्या."

दुसऱ्या दिवशी आईच्या आधी उठून मी किटली उचलली. तिने दुसऱ्या बाजूने कडी धरली.

"सोड रं. तू पड जा. लोक काय म्हनतील, शिकून दूध वाहतोय?"

त्याच लोकांची मलाही भीती होती. तरी सोडवेना. दूध हिंदकळलं.

"आई, दवाखान्यानं गोळीसारखं दिलंय हे काम. माझी गोळी तू रोज खातेस."

तिची बोटं सैल झाली. मग कडी सुटली.

डेअरीवर एका शेजाऱ्याने विचारलंच, "काय रं, नोकरी सुटली काय?"

"सोडली. सध्या घरीच हाय," म्हणालो. रिकामी किटली घेऊन मी जवळजवळ पळतच परतलो. बरं वगैरे काही वाटलं नाही. छातीत नुसती धडधड.

आई दारातच उभी होती. किटली हातात घेऊन तिने आत पाहिलं.

"झाकन कुठंय रं? डेअरीवर इसरलास? येवढा मोठा झालास, किटलीचं झाकन सांभाळता येत नाय?"

कित्येक महिन्यांत ती माझ्यावर चिडली नव्हती. माझ्याशी हळूच बोलायची, तापातल्या पोराशी बोलावं तसं.

"बघतोस काय? जा, घेऊन ये. कुनी उचललं तर उद्या दूध कसं नेशील?"

मी तसाच परत निघालो.